दहा खळग्यांचा डबा

आमच्या कोळीवाड्यातल्या बाकीच्या मुलींचे वडीलही समुद्रातच असायचे, पण त्यांचा समुद्र आम्हाला दिसायचा. बोट गेली की चार-पाच दिवसांनी संध्याकाळी ती परत दिसायची, आधी टिंबाएवढी, मग इंजिनाचा टुकटुक आवाज यायचा, आणि मुली टोपल्या घेऊन धावायच्या. त्यांचे वडील घरी येऊन शिव्या द्यायचे, जेवायचे, झोपायचे. मला त्या शिव्यांचासुद्धा हेवा वाटायचा. माझे बाबा मालवाहू जहाजावर फिटर होते. दहा-अकरा महिन्यांनी एकदा यायचे, सहा आठवडे राहायचे आणि जायचे. घरात मी आणि आय. भाऊ नाही, बहीण नाही. आय पहाटेच सुक्या मासळीची टोपली घेऊन अलिबागच्या बाजाराला जायची, मी शाळेतून आले की ओटीवर बसून बोंबलांवर येणारे कावळे हाकलायची. कोणी विचारलं की मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, माझे बाबा परदेशात असतात. घरात आलं की तो तोरा कुठे जायचा कोण जाणे.

बाबा यायचे तेव्हा आठ दिवस आधीपासून आय घर घासायला घ्यायची. रेवसच्या धक्क्यावर आम्ही दोघी लाँचची वाट बघत उभ्या राहायचो. खाली उतरल्यावर पहिले दोन दिवस बाबा पाय फाकवून चालायचे, जमीन हलते आहे असं समजून. आमच्या घरात ते जरा जास्तच मोठ्यांदा बोलायचे, कारण इंजिनरूममध्ये बोलायचं तर ओरडावंच लागतं. पहिल्या जेवणात त्यांना फक्त तांदळाची भाकरी आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बोंबील लागायचा. आय कालवण, कोलंबी, घावन सगळं करून ठेवायची आणि बाबा बोंबलाचा काटासुद्धा चावून खात बसायचे. आय म्हणायची, एवढं केलं ते कुणासाठी. बाबा म्हणायचे, उद्या. त्यांचं हे ‘उद्या’ आमच्या घरात फार चालायचं.

जेवण झालं की बाबा हात साबणाने धुवायचे, कोपरापर्यंत, पुन्हा पुन्हा, आणि मला हाक मारायचे. आयला नाही. मग बॅगेतून तो डबा निघायचा. डबा सागवानी होता, त्यांनीच जहाजावर केलेला, आणि आत लेथवर कोरलेले दहा गोल खळगे. प्रत्येक खळग्यात एक सोन्याचं नाणं बसेल असं बेतशीर माप घेतलेलं. नाणं आठ आण्याएवढं, आणि प्रत्येकावर कुठल्या ना कुठल्या देशाचं एक जनावर. दर खेपेला बाबा एक नाणं आणायचे, एकच. ते कडांना धरून मला दाखवायचे, बोट मधे लावायचं नाही, बोटाचा घाम सोन्यावर राहतो म्हणून. मग देश सांगायचे, बंदर सांगायचे, तिथे पाऊस होता की थंडी तेही सांगायचे. आफ्रिकेचं उड्या मारणारं हरीण तांबूस होतं, कारण त्यात तांबं मिसळलेलं. चीनचा पांडा पिवळाधमक, आणि तो दर वर्षी नवी पोझ घेतो. आमच्याकडे दोन पांडे होते. ऑस्ट्रेलियाचं कांगारू होतं. इंग्लंडजवळच्या कुठल्याशा बेटाची मांजर होती. त्या मांजरीचं मला फार हसू यायचं, कारण आमच्या वाड्यातल्या मांजरांना लोक जाळी फेकून मारायचे आणि तिथे तिला सोन्यात बसवलेली. एक घोडा होता. आणि अमेरिकेचा गरुड.

हल्ली ही सगळी नाणी फोनवर बघायला मिळतात, घरपोच मागवताही येतात म्हणे. माझ्या चुलत भाचरांना मी हे सांगते तेव्हा ती दोन मिनिटांत मला पन्नास पांडे दाखवतात. पण बाबांचा तो जाडा अंगठा कडेला, दिव्याखाली नाणं हळूच वळवणारा, आणि त्यांच्या अंगाचा ऑइलचा वास, हे त्यात नसतं. वर्षातून एकदा तेवढा अर्धा तास ते पूर्ण माझे असायचे. मी त्यावर बाकीचं वर्ष काढायची.

गरुडाचं नाणं त्यांच्या सगळ्यांत आवडीचं. त्यावर एक घरटं आहे, घरट्यात मादी आणि पिल्लं, आणि वरून नर गरुड पायात डहाळी धरून उडत येतो. बाबा म्हणायचे, “हा बाप. बघ, घराकडं येतोय.” दर वर्षी तेच म्हणायचे. आणि मग डबा बंद करताना आयला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे, दहा खळगे भरले की जहाज सोडणार. नाणी मोडायची, आपली एक छोटी होडी घ्यायची, मशीन बसवायचं, आणि दिसेल एवढ्याच समुद्रात जायचं. आय आतून भांडी आपटत म्हणायची, व्हय, व्हय.

डब्याला छोटं कुलूप होतं. चावी बाबांनी माझ्याकडे दिली होती. ती मी कंपासपेटीत ठेवायची, खोडरबराखाली, आणि रोज शाळेत घेऊन जायची. वर्गातल्या कुणाला माहीत नव्हतं की माझ्या कंपासपेटीत काय आहे. ते माहीत नसणंच मला आवडायचं. रविवारी आय बाजारात गेली की मी हात धुऊन डबा उघडायची. नाण्यांना हात लावायची नाही, नुसती बसायची. त्यांच्याशी बोलायचीसुद्धा. शाळेत कोण काय बोललं, मला कुणी खेळात का घेतलं नाही, हे सगळं त्या मांजरीला ठाऊक होतं. मी नववीत गेले तेव्हा सात खळगे भरलेले होते. तीन रिकामे. ते रिकामे बघवायचे नाहीत म्हणून मी किनाऱ्यावरून तीन पांढरे शिंपले आणून त्यात बसवले. सात झाले, तीन राहिले, म्हणजे तीन वर्षं. मी बारावीत असेन तेव्हा बाबा घरी असतील. हा हिशेब मी इतक्या वेळा केला की तो झोपेतही चुकला नसता.

आता आयबद्दल सांगायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. आमच्यात सोनं असतं ते बाईच्या अंगावर. पेटीत ठेवलेलं सोनं आमच्या बायका सोनं धरतच नाहीत. हळदीला, लग्नाला, नारळी पुनवेला वाड्यातल्या बायका निघाल्या की गळे पिवळे, हात पिवळे, केसांत पिवळं. आयच्या गळ्यात मंगळसूत्र आणि एक बारीक चेन. बाबांच्या पगारातून घर पक्कं झालं होतं, त्यावर पत्रे आले होते, पण गळ्यात काही आलं नाही. आणि बायका टोमणे मारायच्या तेही गोडीत: नवरा फॉरिनला, नि बायको उघडी. आय हसून सोडायची. घरी येऊन मात्र त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरात थापायची. आणखी एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढचं सगळं त्या गोष्टीवर अवलंबून आहे. आमच्यात बायकोच्या गळ्यात चढलेलं सोनं नवरा मागत नाही. अडला तर होडी गहाण टाकील, जाळी विकील, पण तिने आपण होऊन काढून दिलं तरच घेईल. मागितलं तर त्याला वाड्यात तोंड दाखवायला जागा राहत नाही.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीचं लग्न ठरलं. बाबा समुद्रावर होते. लग्नाला दहा दिवस असताना आय एका सकाळी बाजाराला गेलीच नाही. मी परीक्षेचा अभ्यास करत होते. ती समोर येऊन बसली आणि सरळ म्हणाली, “बाय, चावी दे जरा. बगते नि ठेवते.”

मी चावी दिली. एवढंच. तिने दरडावलं नाही, मी हट्ट केला नाही. नाही म्हणावं असं माझ्या मनात क्षणभर आलं होतं, हे मात्र खरं. पण तिने आजवर त्या डब्यात कधी डोकावलंही नव्हतं, बाबांनी तिला कधी बोलावलं नव्हतं, आणि मला एकदम तिची दया आली. तिलाही दाखवावीत, मांजर तिला आवडेल, असं वाटलं. मी खोडरबर उचललं आणि चावी तिच्या हातावर ठेवली. दुपारी शाळेतून आले तर चावी परत माझ्या वहीवर होती, आणि डब्यात फक्त तीन शिंपले होते.

आयने सातही नाणी अलिबागच्या सोनाराकडे नेली होती. तिला पुतळीहार हवा होता, आपल्याकडे जुन्या बायकांच्या गळ्यात असतो तसा, नाण्यांवर लक्ष्मी असलेला. सोनार जुन्या वळणाचा माणूस. त्याने हरणाचं नाणं कसाला लावलं, हे बावीस कॅरेटचं म्हणून सांगितलं, पांडे शुद्ध आहेत म्हणून जरा वाखाणले, आणि प्रत्येक नाण्याच्या डोक्यावर डाग देऊन एक कडी बसवली. पण पुतळी म्हणजे माणसाची आकृती. त्यामुळे त्याने सगळ्या नाण्यांची माणसांची बाजू दर्शनी केली. अमेरिकेच्या नाण्यावर हातात मशाल घेतलेली एक उभी बाई आहे. ती लक्ष्मी ठरली आणि हाराच्या मधोमध बसली. इंग्लंडच्या राणीला त्याने देवीच मानलं. दाढीवाला आफ्रिकन पुढारी कोणी सत्पुरुष असावा. पांड्यांच्या मागच्या बाजूला चीनचं एक देऊळ आहे, ते तर उत्तमच झालं. जनावरं सगळी आत गेली, आयच्या कातडीला लागून. आणि गरुडाचं नाणं असं पाडलेलं असतं की बाई सरळ धरली की मागचा गरुड उलटा होतो. सोनाराला ते दिसलं असेल, पण आतली बाजू कोण बघतं.

लग्नाच्या दिवशी दुपारी आय नऊवारी नेसून, तो हार घालून मांडवात गेली, तेव्हा बायका जेवणाच्या पंगतीतून उठून बघायला आल्या. एकेकीने नाणं हातात धरून विचारलं, ही कोण, हा कोण. आय सांगत होती, लक्ष्मी हाय, राणी हाय. तिची मान अशी ताठ मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी मी पानावर बोटाने हिशेब करत होते. सात गेले, शून्य उरले. म्हणजे बाबा आता दहा वर्षं घरी राहायला येणार नाहीत, आणि चावी मी दिली. हे कुणाला सांगणार? ज्या मांजरीला सांगायची ती आयच्या गळ्यात होती, तोंड आत करून.

महिन्याभराने बाबा आले. आयने धक्क्यावर जाताना हार घातला. मी तिला म्हटलं, नको घालू आज. ती म्हणाली, आजच घालायचा. लाँच लागली, बाबा उतरले, आणि या वेळी त्यांच्याबरोबर नेहमीच्या बॅगेखेरीज त्यांची हत्यारांची लोखंडी पेटीही होती, पान्या-हातोड्यांची, जी ते दर खेपेला जहाजावरच ठेवून यायचे. ती उचलायला दोन हमाल लागले. मी ती पाहिली, इतकंच. चौदा वर्षांच्या मुलीचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर होतं. बाबांची नजर आयच्या गळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. लोक धक्के मारत पुढे जात होते. बाबांनी हात पुढे केला, मधलं नाणं दोन बोटांत धरलं, कडांना धरूनच, आणि उलटवलं.

“उलटा लागला यो,” ते म्हणाले. इंजिनरूमच्या आवाजात नाही. मला जेमतेम ऐकू आलं.

“लक्ष्मी सरल हाय ना?” आय म्हणाली.

“व्हय,” बाबा म्हणाले. त्यांनी नाणं परत होतं तसं ठेवलं, आणि आम्ही टमटमीत बसलो.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते त्या दिवशी कालवण जेवले, कोलंबी जेवले, सगळं वाढलं ते जेवले, आणि हात धुऊन मला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून चावी मागून घेतली, डबा आतल्या खोलीत नेला आणि दार लोटलं. जरा वेळाने बाहेर आले, कुलूप लावलेला डबा पोटमाळ्यावर जुन्या पेटीत ठेवला, शिडी उतरले आणि चावी माझ्या हातात दिली. “ही तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे,” म्हणाले. मला वाटलं, ही माझी शिक्षा आहे. रिकाम्या डब्याची चावी सांभाळ म्हणून. मी ती खोडरबराखाली टाकली. नंतरचे दिवस ते कधी जेवताना, कधी मी अभ्यास करत असताना माझ्याकडे बघत बसायचे, काही विचारावं तसे, आणि मी मान वर करायची नाही. सहा आठवडे संपले. लोखंडी पेटी परत दोन हमालांनी लाँचवर चढवली. मी आणि आय धक्क्यावर लाँच दिसेनाशी होईपर्यंत उभ्या होतो. मला रडू आलं ते घरी येऊन, बोंबलांचे कावळे हाकलताना.

त्यानंतर बाबा बारा वर्षं जहाजावर होते. नाणं पुन्हा आणलं नाही. मिक्सर आणला, ब्लँकेट आणलं, मला घड्याळ आणलं. शेवटी आले तेव्हा कान जवळजवळ गेलेले होते. ते कायमचे घरी राहायला लागले तेव्हा बोलायची सोयच उरली नव्हती. ते ओटीवर समुद्राकडे तोंड करून बसायचे. मी तोवर शिक्षिका होऊन लग्न करून गेले होते. माझ्या लग्नाच्या वेळी आय तो हार मला घालायला निघाली आणि मी नको म्हटलं, जरा तुटकच. तेव्हा ती म्हणाली, “तुना अजून राग हाय. पन ऐक. त्यो डबा कवाच भरनार नव्हता, बाय. एका बंदरान तीन नानी घेता आली नसती काय? वर्साला एकच आनायचे. डबा भरला तर घरान बसाया लागल ना. म्हनून म्याच रिकामा केला. म्हनलं, आता काय सांगतात बगू.”

मी विचारलं, काय सांगितलं मग.

“कायच न्हाय. गेले परत.”

मला ते पटलं. पटलं म्हणजे बरंच वाटलं, कारण त्यात माझी चूक कमी होत होती. माझे बाबा घरी न येण्यासाठी निमित्त शोधणारे माणूस होते, आणि ते निमित्त आयने काढून घेतलं होतं, एवढंच. हे धरून मी पुढची वर्षं काढली. बाबा वारले तेव्हा मी रडले, पण आतून जरा अंतर ठेवूनच रडले. आज याची मला लाज वाटते.

मग ते जूनमधलं वादळ आलं. दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, आमच्याकडे नारळ पडले, आणि आयच्या घराचे अर्धे पत्रे शेजारच्या ओटीवर जाऊन पडले. मी दुसऱ्या दिवशी पोचले. आय ठीक होती, डोळ्यांना कमी दिसायचं, गळ्यात हार होता. पोटमाळ्यावरचं सगळं भिजलं होतं, ते एकेक खाली काढताना बाबांची जुनी पेटी आली आणि पेटीत तो सागवानी डबा. कुलूप गंजलेलं. चावी कुठे आहे हे मला आठवायचीही गरज नव्हती. माझी कंपासपेटी त्याच घरात, माझ्या जुन्या वह्यांच्या कपाटात होती, खोडरबर दगडासारखं झालेलं. तेलाचा थेंब टाकून मी कुलूप फिरवलं. म्हटलं, शिंपले तरी काढून घ्यावेत.

शेवटच्या तीन खळग्यांत तीन नाणी होती. एक सिंह, एक नवा पांडा, एक कांगारू. कडा जराही न झिजलेली, ठेवली त्या दिवशी होती तशी. माझे तीन शिंपले पहिल्या तीन खळग्यांत नीट बसवलेले. आणि खाली घडी घातलेली एक दुकानाची पावती, एकाच दुकानाची, तिन्ही नाण्यांची, तारीख त्या वर्षीची: बाबा लोखंडी पेटी घेऊन उतरले त्याच्या आठ दिवस आधीची.

सात आणि तीन, दहा. मी बिनपत्र्याच्या घरात, ओल्या जमिनीवर बसले. आतून आयने विचारलं, “काय गावलं गो?”

“बाबांचे पाने हायत, आय,” मी म्हटलं. “गंजलेत.”

“ठेव मंग नीट,” ती म्हणाली. “त्यांचे हायत.” आणि तिचा हात सवयीने गळ्याकडे गेला.

आय गेल्या वर्षी गेली, म्हणून आता हे लिहिते आहे. तिला सांगायचं धाडस मला झालं नाही, आणि ते मी मुद्दामच लपवलं, हेही खरं. हार आता माझ्याकडे आहे. एकदा मी नाणी त्यांच्या जुन्या खळग्यांत बसवून पाहिली. कड्या वर येतात, डब्याचं झाकण लागत नाही. मी बाबांचे ते सहा आठवडे पुन्हा पुन्हा आठवते. ते आयला काही बोलू शकत नव्हते, गळ्यातलं सोनं मागू शकत नव्हते, पण चावी त्यांनी माझ्या हातात दिली होती, आणि मग रोज माझ्याकडे बघत होते. मी डबा उघडला असता, धावत खाली येऊन आयला दाखवला असता, तर तिने तो हार तिथल्या तिथे काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला असता. माझी आय तशीच होती. त्यासाठी मला फक्त शिडीवर चढायचं होतं. शिडी सहा आठवडे भिंतीला टेकून उभी होती.